परसबाग : हिमघंटेचे कांदे



मागील अंकी आमच्या इकडील वसंताचे वर्णन करिताना अंगणाच्या पाणथळ कोपऱ्यात फुललेल्या पांढऱ्या घंटाफुलांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कित्येक भगिनींनी विचारणा केली आहे की, हे फूल कोणते, त्याचे कांदे कसे लावावे, आणि पुण्या-नाशिकाकडे ते येईल काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज यथाशक्ति देते. मात्र ह्या फुलाची हकीकत सांगावयाची म्हणजे तिच्याबरोबर आमच्या घरातील एक गोष्टही सांगणे प्राप्त आहे. ती वगळून केवळ खत आणि पाणी सांगितले, तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

इंग्रजीत ह्या फुलाला स्नोफ्लेक म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचे ‘हिमघंटा’ असे बारसे केले आहे, आणि तेच नाव मी येथे वापरते. शास्त्रीय नाव ल्युकोजम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पांढरे व्हायोलेट’ असा होतो. लसणाच्या पातीहून रुंद, गर्द हिरवी, तकतकीत पाने. त्यांतून निघालेला हात-दीड हात उंच दांडा. आणि दांड्याच्या टोकाशी नाजूक देठांवर खाली माना घालून लोंबणाऱ्या तीनपासून सात शुभ्र घंटा. प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवा ठिपका असतो, जणू कोणी काजळाऐवजी हिरव्या शाईची तीट लाविली आहे.

इकडे पुष्कळ लोक हिची आणि स्नोड्रॉपची गल्लत करितात. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्नोड्रॉपच्या तीन पाकळ्या लांब आणि आतल्या तीन आखूड असतात. हिमघंटेच्या साही पाकळ्या सारख्या असतात. हिचे दोन प्रकार बागेत लावितात. एक वितभर उंचीचा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि त्याच्या दांड्यावर बहुधा एकच घंटा असते. दुसरा मी वर वर्णिलेला उंच प्रकार. त्याला ‘उन्हाळी’ म्हणतात खरे, परंतु तो फुलतो एप्रिल-मेमध्ये. म्हणजे इकडच्या हिशेबाने वसंतातच! शरद ऋतूत फुलणारा एक चिमुकला भाऊबंदही पूर्वी ह्याच कुळीत गणीत असत. आता त्याची गणना ‘ॲसिस’ ह्या वेगळ्या प्रजातीत होते, आणि त्याला ओल नव्हे, तर कोरडी, निचऱ्याची जमीन लागते. कांदे विकत घेताना हा भेद ध्यानी ठेवावा.

आम्ही राहतो तो बर्कशायर परगणा ह्या उंच हिमघंटेचे माहेरच म्हणावयाचे. येथून लॉडन नावाची एक लहानशी नदी वाहते आणि वॉरग्रेव्ह गावाजवळ थेम्सला मिळते. तिच्या काठच्या दलदलीत, विलो वृक्षांच्या छायेत, ही फुले आपोआप उगवतात, म्हणून त्यांना ‘लॉडन लिली’ असेही म्हणतात. ह्या शतकाच्या आरंभी प्लँटलाइफ नावाच्या संस्थेने प्रत्येक परगण्याचे एकेक फूल लोकांकडून निवडविले, तेव्हा बर्कशायरच्या वाट्यास हेच आले. ह्याची बोंडे फुगीर असून पाण्यावर तरंगतात. हिवाळ्या-पावसाळ्यात नदी फुगली म्हणजे तिच्याबरोबर बीज दूर दूर जाते. एवढ्यावरून चतुर भगिनींनी ओळखलेच असेल की, आपल्या बागेत ज्या जागी पाणी साचते म्हणून आपण कपाळाला हात लावितो, तीच जागा हिला प्रिय.

आता लावणीची रीत. कांदे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावावे. तीन ते चार इंच खोल आणि एकमेकांपासून सहा ते आठ इंच अंतरावर. टोक वर, बूड खाली. चिकण मातीही चालते, कुजलेल्या पानांचे खत घातल्यास उत्तम. अर्धे ऊन, अर्धी सावली असावी. उन्हाळ्यात जमीन अगदी वाळू देऊ नये. फूल गेल्यावर पाने लोळू लागतात आणि दृष्टीस बरी दिसत नाहीत. तरी ती कापू नयेत, की गाठी मारून बांधू नयेत. पाने पिवळी पडेपर्यंत कांदा त्यांच्याकरवी पुढील वर्षाची शिदोरी बांधीत असतो. बेगमीच्या दिवसांत कोठीचे दार बंद करण्यासारखाच तो प्रकार होय. जातींपैकी ‘ग्रेव्हटाय जायंट’ ही मोठ्या फुलांची जात चांगली. ससेक्समधील ग्रेव्हटाय येथे राहणाऱ्या विल्यम रॉबिन्सन ह्या प्रसिद्ध बागकाराच्या वाड्यावरून तिला हे नाव पडले. फुलझाडे ओळीत उभी करून कवायत करविण्यापेक्षा त्यांना रुचेल त्या जागी मोकळी वाढू द्यावी, हे मत त्याने 1870 साली आपल्या ‘द वाइल्ड गार्डन’ ह्या पुस्तकात मांडिले. ते मला त्या वेळी वाचून पटले होते. आचरणात मात्र आले नव्हते. ते कसे, ते पुढे येईलच.

पाच वर्षांपूर्वी आश्विनात मी ह्या उन्हाळी हिमघंटेचे पंचवीस कांदे मागविले. त्या वेळी माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे होत्या. मामंजी गेल्यापासून तिघा भावांनी असे ठरविले होते की, माईंनी चार महिने पुण्यास थोरल्याकडे, चार महिने नागपुरास मधल्याकडे आणि चार महिने आमच्याकडे राहावे. ह्यात कोणाचीही टाळाटाळ नव्हती. उलट प्रत्येकाला आईचा सहवास हवा होता, आणि आमचा वाटा कमी पडू नये म्हणून मीच अधिक आग्रही होते.

कांद्यांची पिशवी आली, ती मी स्वयंपाकघराच्या दाराशी टोपलीत ठेविली. दुसरे दिवशी बाहेर झिमझिम पाऊस होता. मी वरच्या मजल्यावर कपडे आवरीत होते. खाली आले तो माई पाटावर बसल्या आहेत, पुण्याहून आणलेली विळी पुढ्यात आहे, आणि हिमघंटेचे तीन कांदे चिरून ताटलीत पडले आहेत! चौथा हातात होता.

“माई, हे काय करता?” मी जवळ जवळ ओरडलेच.

त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, उद्या कांदेनवमी ना? मुलांना थालीपीठ आवडते, म्हणून आजच चिरून ठेविते. पण तुमच्या इकडचा कांदा कसला गं हा? डोळ्यांना मुळीच लागत नाही.”

ताटली मी तत्काळ उचलली, त्यांचे हात साबणाने धुविले, विळी गरम पाण्याने घासली. कोणाच्याही पोटात काही गेले नाही, ही देवाची कृपा. परंतु खरे सांगू? माझ्या काळजात धस्स झाले ते त्या कांद्याच्या विषाने नव्हे. कांदेनवमी आषाढात येते. तिच्यामागून दोनच दिवसांनी चातुर्मास बसतो, आणि माईंनी लग्न झाल्यापासून चातुर्मासात कांद्याला कधी बोट लाविलेले नव्हते. आश्विन चालू असताना, नवरात्राचे घट उठून आठवडाही झाला नसताना, त्या कांदा चिरावयास बसल्या होत्या. चष्मा कोठे ठेविला, गॅस बंद केला की नाही, अशा विस्मृतीला आम्ही ‘वय झाले’ म्हणत होतो. त्या दिवशी मात्र मला कळून चुकले की, हे निव्वळ वय नव्हे.

ह्या प्रसंगातून घेण्याचा पहिला धडा अगदी व्यवहाराचा आहे, तो प्रत्येक भगिनीने पदराला गाठ मारून ठेवावा. फुलझाडांचे कांदे स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नयेत. हिमघंटा, स्नोड्रॉप, नर्गिस, तसेच आपल्याकडील मे-फ्लॉवर आणि पावसाळी लिली ही सर्व एकाच कुळातील. त्यांच्या कांद्यांत विषारी द्रव्ये असतात. पोटात गेल्यास मळमळ, वांत्या, पोटदुखी होते. प्रमाण अधिक असल्यास जास्त अपाय. खाण्याच्या कांद्याचा उग्र दर्प त्यांना नसतो, ही ओळख खरी. परंतु ज्याची स्मृती क्षीण झाली आहे, किंवा जे मूल अजून अजाण आहे, त्याच्याकडून ओळखीची अपेक्षा धरणे व्यर्थ. कांदे येताच पिशवीवर ठळक अक्षरांत ‘विषारी’ असे लिहून त्या अवजारांच्या खोलीत उंच जागी ठेवाव्या. चुकून कोणी खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता तडक डॉक्टर गाठावा आणि उरलेला कांदा बरोबर न्यावा.

आणि गंमत पहा, किंवा सृष्टीची लीला म्हणा, ज्या झाडात हे विष आहे, त्याच झाडातून स्मृतिभ्रंशावरील एक औषध निघाले आहे. बल्गेरियात ह्याला ‘पाणथळीतले स्नोड्रॉप’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. 1950 नंतरच्या दशकात तेथील औषधशास्त्रज्ञ दिमितर पास्कोव्ह ह्यांनी गॅलँटामिन ह्या द्रव्यापासून ‘निवालिन’ नावाचे औषध सिद्ध केले. प्रथम ते पोलिओने लुळ्या पडलेल्या रोग्यांसाठी वापरीत, आणि ह्या हिमघंटेची पाने त्याचा मोठा आधार झाली. मेंदूतील एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे ॲसिटिलकोलीन म्हणून एक द्रव्य आहे. त्याचा नाश करणाऱ्या विकराला गॅलँटामिन अडविते. त्यामुळे अल्झायमरच्या रोग्यांस त्याचा उपयोग होतो असे दिसून आले, आणि 2001 साली अमेरिकेत त्यास ह्या कामी मान्यता मिळाली. आता ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीनेही करितात. मात्र ह्या औषधाने रोग बरा होत नाही. काही रोग्यांची काही काळ थोडी उतार लागते, इतकेच. आणि हे वाचून कोणी बागेतील पानांचा काढा करू नये! औषधाची मात्रा गुंजांच्या हिशेबाहूनही सूक्ष्म असते. पानात विष किती नि औषध किती, हे घरी कोणास मोजता येणार? माईंना पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी ह्याच वर्गातील दुसरे एक औषध दिले, ते आजही चालू आहे.

पुनः बागेकडे येऊ. उरलेले बावीस कांदे मी कोपऱ्यात लाविले. वसंतात पाहते तो नऊच ठिकाणी पाती वर आली, आणि फूल एकही नाही. मला वाटले, जागा चुकली. पुढल्या शरदात ते सारे उकरून मी खिडकीखालच्या उन्हाच्या वाफ्यात नेले. त्या वर्षीही फूल नाही. तिसऱ्या खेपेस पुनः उचलून कुंपणापाशी नेण्याच्या विचारात होते, इतक्यात शेजारच्या वृद्ध बाईंनी हटकले. त्यांच्या अंगणात हिमघंटेचे दाट बेट आहे, ते त्यांच्या सासूने लाविलेले. त्या म्हणाल्या, “तुम्ही हिला दरसाल बिऱ्हाड बदलावयास लाविता, मग ती फुलणार केव्हा?”

दोष दोन होते, हे त्यांनी समजावून दिले. एक, हिमघंटेचे कांदे फार दिवस उघड्यावर कोरडे ठेविले म्हणजे त्यांचा जीव जातो. दुकानातून येणारे कांदे पुष्कळदा तसे असतात. दुसरा दोष माझ्या अधीरपणाचा. ह्या झाडाला मुळांना धक्का सोसत नाही. एकदा बसले की दाटी होऊन फुले कमी होईपर्यंत त्याला हात लावू नये. आणि हलवावयाचेच झाले, तर फूल सरल्यावर, पाने हिरवी असतानाच, मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून त्याच तासात नव्या जागी लावावे. त्या बाईंनी मे महिन्यात आपल्या बेटातला एक मोठा गड्डा तसाच चिखलासकट टोपलीत घालून दिला, आणि तो मी पाणथळ कोपऱ्यात बसविला. माझे नऊ कांदेही तसेच माती न झाडता तेथे नेले. ‘आता हलविणे नाही’ अशी शपथ घेतली.

भगिनींनो, रानातून कांदे उपटून आणण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. जागेच्या मालकाच्या परवानगीवाचून रानटी झाड मुळासकट उपटणे ह्या देशात 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढविलेलेच कांदे मागून घ्यावे, आणि ओळखीच्या बागेतून ओला गड्डा मिळाला तर त्याहून चांगले काही नाही.

त्याच सुमारास माई नागपुराहून पुण्यास गेल्या होत्या. थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. रात्री उठून माई बाहेरचे दार शोधीत होत्या, आणि न्हाणीघराचे दार उघडून ‘हे घर कोणाचे?’ म्हणून विचारीत होत्या. नागपुरासही असेच झाले होते. आमच्याकडे मागील खेपेस त्या पहिले तीन आठवडे रोज सकाळी सामान बांधून बसत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, ह्या रोग्याला नवी जागा नव्याने शिकता येत नाही. खोली तीच, खाट तीच, दिनक्रम तोच ठेवा. दर चार महिन्यांनी घर बदलू नका.

हे ऐकून प्रथम मला राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. माईंचे चार महिने म्हणजे आमच्या घरातला सण. मुलांना शुभंकरोति त्यांनीच शिकविले. आणि आता ‘तुमच्याकडे पाठविणे नाही’ असा निरोप! त्यातून इकडचा नियम असा की, पाहुण्यास एका वेळी सहा महिन्यांहून अधिक राहता येत नाही. म्हणजे त्यांनी कायमचे आमच्याकडे राहावे म्हटले तरी सोय नाही. त्या सायंकाळी मी कोपऱ्यात पाणी घालावयास गेले. तेथे त्या गड्ड्याची पाने नुकती पिवळी पडू लागली होती. उचलून पुनः दुसरीकडे लावावे असे मनात यावयास तिथे आता काहीच नव्हते. शेजारच्या बाईंचे वाक्य आठवले. मी त्या कांद्यांवर प्रेमच करीत होते, आणि त्या प्रेमापायी त्यांना दोनदा उपटले होते.

दुसरे दिवशी तिघे भाऊ आणि आम्ही तिघी जावा फोनवर एकत्र बसलो. ठरले असे की, माई पुण्याच्या जुन्या घरीच राहतील. परंतु म्हणून त्यांचा सारा भार थोरल्या जाऊबाईंच्या माथी टाकणे हा अन्यायच झाला असता; संयुक्त कुटुंबात असा अन्याय बहुधा मुकाट्याने सोसला जातो, आणि म्हणूनच तो दिसत नाही. तेव्हा खर्चाचे तीन समान भाग केले. दिवसभरासाठी एक बाई ठेविल्या. आणि माईंनी फिरावयाचे, त्याऐवजी आम्ही फिरावयाचे ठरविले. मधल्या जाऊबाई दिवाळीनंतर दोन महिने आणि मी उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्यास जाऊन राहते. तितके दिवस थोरल्या जाऊबाईंनी माहेरी जावे, यात्रेस जावे, नाही तर नुसते झोपावे, त्यांची इच्छा. पहिल्या वर्षी त्या आठ दिवस केवळ झोपल्या. त्या किती थकल्या होत्या, हे तेव्हा आम्हास कळले.

आता तिसरा प्रश्न : पुण्या-नाशिकाकडे हिमघंटा येईल काय? माझे प्रामाणिक उत्तर, नाही. ती थंड मुलुखातली, आणि आपल्याकडची थंडी तिला पुरणार नाही. शिवाय परदेशातून कांदे सामानात घालून भारतात आणणे परवान्यावाचून आणि रोगमुक्ततेच्या दाखल्यावाचून कायद्याने चालत नाही, तेव्हा कोणास ‘येताना घेऊन ये’ असे सांगूही नये. त्यापेक्षा आपल्या अंगणात पावसाळी लिली लावावी, निशिगंध लावावा, आणि मे-फ्लॉवर तर अवश्य लावावे. माईंच्या पुण्याच्या अंगणात तुळशीवृंदावनामागे मे-फ्लॉवरचे एक बेट आहे. माईंनी ते लाविले तेव्हा माझे यजमान रांगत होते. त्यानंतर त्याला कोणी हलविलेले नाही. वर्षभर तेथे काही आहे ह्याची आठवणही राहत नाही, आणि मृगाच्या आधी एके दिवशी तांबडे चेंडू जमिनीतून वर येतात.

ह्या उन्हाळ्यात मी तेथे होते. नातवंडांची नावे माईंना आता आठवत नाहीत, माझेही कधी आठवते, कधी नाही. परंतु सकाळी त्या आपण होऊन वृंदावनामागे गेल्या, वाकून पाहिले, आणि म्हणाल्या, “आले गं!” मी मुलांनी पाठविलेले हिमघंटेचे छायाचित्र त्यांना दाखविले. ह्या एप्रिलात आमच्या कोपऱ्यात एकोणीस दांडे आले आहेत. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. फूल छान आहे म्हणाल्या, आणि कोणाच्या घरचे म्हणून विचारिले. मी म्हटले, “आपल्याच, माई.”

ज्या भगिनी विलायतेत किंवा तशाच थंड मुलुखात आहेत, त्यांनी येत्या शरदात हिमघंटा अवश्य लावावी आणि पहिल्या दोन वर्षांत फूल न आल्यास धीर सोडू नये. पुढील अंकी निशिगंधाच्या कांद्यांची निवड आणि साठवण ह्यांविषयी लिहीन.